कोऱ्या जागेचा चित्रकार

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जलरंगांत काढलेले एक लहानसे चित्र आहे. विषय अगदी साधा. जिरॅनियमचे एक झाड. गोल, कातरलेल्या कडांच्या पानांचे आणि झुबक्यांनी फुलणारे हे झाड युरोपात घरोघरी कुंडीत लावतात. चित्र प्रथम पाहणाऱ्याला वाटते, की चित्रकाराला कोणीतरी मध्येच हाक मारली असावी आणि तो कुंचला ठेवून उठून गेला असावा. काही पानांवर हिरव्या-निळ्या रंगाचे पातळ हात दिलेले आहेत, काही पाने नुसत्या पेन्सिलीच्या रेषांतच राहिली आहेत, आणि कागदाचा कितीतरी भाग कोराच आहे. परंतु थोडा वेळ थांबून पाहावे, तर नवल घडते. त्या कोऱ्या भागांवर ऊन पडल्यासारखे दिसू लागते. रंगवलेली पाने सावलीत मागे सरतात आणि न रंगवलेली पाने उजेडात पुढे येतात. जेथे काहीच नाही असे वाटले होते, तेथेच चित्रातील सर्वांत लखलखीत प्रकाश असतो.

हे चित्र पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने १८८८ ते १८९० या काळात काढले. न रंगवता दाखविण्याची ही विद्या त्याला सहजासहजी साधली नाही. तिच्यासाठी त्याने सारे आयुष्य वेचले, आणि आपली चित्रे अर्धवट आहेत, हा बोल त्याला वर्षानुवर्षे ऐकून घ्यावा लागला.

फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. तेथे ऊन प्रखर, आकाश निळेभोर आणि माती तांबूस. या प्रांतातील एक्स या जुन्या शहरात १९ जानेवारी १८३९ रोजी सेझानचा जन्म झाला. त्याचे वडील प्रथम टोप्यांचे व्यापारी होते. काटकसरीने व हुशारीने त्यांनी पैसा जोडला आणि १८४८ साली एका भागीदाराबरोबर शहरात पेढी काढली. पैशाचे मोल ज्याला कळते, त्यालाच जग मान देते, असा त्यांचा रोकडा अनुभव होता. आपला एकुलता एक मुलगा शिकून वकील व्हावा आणि पुढे पेढीचा कारभार त्याने पाहावा, अशी त्यांची इच्छा होती.

शाळेत असताना सेझानची एमिल झोला या मुलाशी गाठ पडली. झोला त्याच्याहून एका वर्षाने लहान होता. त्याचे वडील वारलेले, घरी गरिबी, आणि बोलण्याची धाटणी परगावची. वर्गातील मुले त्याची टर उडवीत व त्याच्याशी बोलत नसत. सेझान मात्र अंगाने धट्टाकट्टा आणि मनाने तापट. त्याने सर्वांचा रोष पत्करून झोलाशी बोलणे चालू ठेवले व त्याबद्दल मुलांचा मारही खाल्ला. दुसऱ्या दिवशी झोला सफरचंदांची एक मोठी टोपली घेऊन त्याच्याकडे आला, अशी आठवण सेझान म्हातारपणी सांगत असे. पुढे हा झोला फ्रान्सचा नामवंत कादंबरीकार झाला आणि सेझानने काढलेली सफरचंदे जगभर प्रसिद्ध झाली. दोघे मित्र सुट्टीच्या दिवशी पहाटेच घराबाहेर पडत, टेकड्या तुडवीत, नदीत डुंबत आणि झाडाखाली बसून कविता वाचीत.

१८५८ साली झोला पॅरिसला निघून गेला. सेझान वडिलांच्या इच्छेप्रमाणे कायद्याचा अभ्यास करू लागला. परंतु त्याचे मन कायद्याच्या पुस्तकांत रमेना. गावातील चित्रशाळेत मात्र तो नेमाने जाई. १८५९ साली तेथे त्याला दुसरे बक्षीस मिळाले. चित्रकार होण्याची त्याची इच्छा वडिलांच्या कानी गेली, तेव्हा त्यांना ती मुळीच रुचली नाही. बराच काळ घरात हा वाद धुमसत राहिला. शेवटी आई व बहीण यांच्या रदबदलीने १८६१ साली वडिलांनी परवानगी दिली आणि सेझान पॅरिसला पोहोचला.

पॅरिसमध्ये त्याने चित्रशाळेत नाव घातले, लूव्र संग्रहालयातील जुन्या थोर चित्रकारांची चित्रे तासन् तास न्याहाळली. पण जे पाहावे ते हातातून उतरेना. अवघ्या काही महिन्यांत तो निराश होऊन घरी परतला व वडिलांच्या पेढीत हिशेब लिहू लागला. जमाखर्चाच्या वहीत मात्र आकड्यांच्या शेजारी चित्रे व कवितेच्या ओळी उमटू लागल्या. हा मुलगा पेढी चालविणार नाही, हे वडील उमगले. १८६२ च्या अखेरीस सेझान पुन्हा पॅरिसला गेला, तो चित्रकार होण्याचा निश्चय करूनच.

पुढचा काळ अपयशाचा होता. सरकारी कलाविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. पॅरिसमध्ये सरकारी आश्रयाखाली भरणारे मोठे चित्रप्रदर्शन सालों या नावाने ओळखले जाई. तेथे चित्र लागले, तरच चित्रकाराला मान मिळे व गिऱ्हाईक मिळे. सेझान पुनःपुन्हा चित्रे पाठवी आणि परीक्षक ती पुनःपुन्हा परत करीत. या काळातील त्याची चित्रे काळपट असत. तो रंग जाड थरांनी, कधी कधी सुरीने थापून लावी. मनातला सारा क्षोभ तो जणू कॅनव्हासवर ओतून टाकी. कोठेही मोकळी जागा राहू नये, असाच त्याचा हव्यास दिसे.

या हव्यासाला वळण लावले ते कामिय पिसारो या चित्रकाराने. पिसारो त्याच्याहून सुमारे नऊ वर्षांनी मोठा, स्वभावाने शांत व मायाळू होता. १८७२ पासून पुढे दोन वर्षे सेझान पॅरिसजवळच्या खेड्यांत पिसारोच्या सहवासात राहिला. दोघे शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी बसून चित्रे काढीत. काळा रंग दूर ठेवावा, सावलीतही रंग असतो तो ओळखावा, आणि मनातल्या वादळापेक्षा समोरच्या झाडाकडे अधिक लक्ष द्यावे, ही शिकवण त्याने पिसारोकडून घेतली. मोठेपणीसुद्धा तो स्वतःला पिसारोचा शिष्य म्हणवून घेत असे.

१८७४ साली पिसारो, मोने व त्यांच्या मित्रांनी सालोंच्या बाहेर आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सेझाननेही त्यात भाग घेतला. लोक प्रदर्शनाला आले ते मुख्यतः हसण्यासाठी. १८७७ साली असाच प्रकार पुन्हा घडला. सेझानच्या चित्रांवर तर टीकेचा विशेष मारा झाला. स्वभावाने तो आधीच बुजरा व संशयी होता. या टीकेने तो अधिकच मिटून गेला. त्याने या मंडळींच्या प्रदर्शनांत पुन्हा भाग घेतला नाही आणि हळूहळू पॅरिस सोडून तो आपल्या प्रोव्हान्सच्या उन्हात परत आला.

घरची परिस्थितीही सुखाची नव्हती. ओर्तान्स फिके या मुलीशी त्याचा स्नेह जडला होता व १८७२ साली त्यांना एक मुलगाही झाला होता. वडील रागावून पैसे बंद करतील, या भयाने त्याने ही गोष्ट घरी कळू दिली नव्हती. १८७८ साली ती वडिलांना कळली आणि त्यांनी खर्चाची रक्कम कमी केली. त्या अडचणीच्या दिवसांत झोलाने त्याला पैसे पाठवून हात दिला. शाळेत मिळालेल्या टोपलीचे ऋण असे पुन्हा वाढले.

एक्स शहराच्या सीमेवर वडिलांनी १८५९ साली एक मोठे घर व मळा विकत घेतला होता. त्याचे नाव झा द बुफां. तेथे चेस्टनटच्या झाडांची रांग होती, पाण्याचे कुंड होते आणि नाजूक झाडे ठेवण्यासाठी काचेचे घर होते. सेझान येथे एकटाच काम करी. डोंगर, झाडे, घरे, फळे, फुले जे समोर असेल ते तो काढी. परंतु इतक्या सावकाश, की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. कुंचल्याचा एक फटका मारावा आणि दुसरा मारण्यापूर्वी कितीतरी वेळ नुसते पाहत बसावे, अशी त्याची रीत होती. त्यामुळे मांडून ठेवलेली फळे सडून जात. फुलदाणीतील फुले तर चित्र अर्धे होण्याच्या आतच माना टाकीत. शेवटी त्याने कागदाची फुले आणून पाहिली. परंतु त्यांचेही रंग उडू लागले, असे त्याच्या परिचयाची माणसे सांगत.

अशा चित्रकाराला कुंडीतील झाडासारखा सोबती नव्हता. तोडलेले फूल दोन दिवसांचे. कुंडीतील झाड मुळांवर उभे असते. ते आज आहे, उद्या आहे, आठवड्यानंतरही आहे. मातीच्या साध्या कुंड्या, त्यांतील जिरॅनियमची पाने, पानांमागची सावली हे सेझानने अनेकदा रंगविले. तैलरंगांत रंगविले, तसेच जलरंगांतही रंगविले. आणि जलरंगांत त्याला आपली खरी वाट दिसू लागली.

जलरंगांचा गुण तैलरंगांहून वेगळा आहे. तैलरंगांत चूक झाली, तर ती खरवडून काढता येते किंवा तिच्यावर दुसरा जाड थर देता येतो. जलरंग पाण्यासारखा पारदर्शक. खालचा कागद त्यातून दिसतच राहतो. एकदा गडद हात दिला, की तो पुरता पुसून निघत नाही. शिवाय अशा चित्रात पांढरा रंग वेगळा लावीत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच तेथील पांढरा रंग. तेव्हा जेथे उजेड हवा, तेथे चित्रकाराने हात आवरावा लागतो. उजेड लावता येत नाही, तो राखावा लागतो.

सेझान प्रथम पेन्सिलीने हलक्या रेषा काढी. एकाच पानाच्या कडेसाठी दोन-दोन, तीन-तीन रेषा असत. कारण पानाची कड नेमकी कोठे आहे, हे ठरविण्याची त्याला घाई नसे. मग तो रंगाला हात घाली, तो सावलीपासून. सर्वांत दाट सावली जेथे असेल, तेथे तो पातळ रंगाचा एक डाग टाकी. तो वाळू देई. मग पहिल्या डागाच्या कडेबाहेर थोडा जाईल असा दुसरा, अधिक मोठा डाग टाकी. तोही वाळू देई. त्यावर तिसरा. निळा, हिरवा, जांभळा, गुलाबी असे हे पातळ पडदे एकमेकांवर चढत, आणि सावलीपासून उजेडाकडे चित्र हळूहळू सरकत जाई. एमिल बर्नार नावाच्या एका तरुण चित्रकाराने १९०४ साली त्याला असे काम करताना पाहिले व ते सविस्तर लिहून ठेवले.

या रीतीत एक मोठी गंमत आहे. पान दाखवायचे म्हणजे पान रंगवायचे, असेच कोणालाही वाटेल. सेझान पुष्कळदा पानाला हात न लावता पानामागची सावली रंगवी. मागे निळसर हिरवा अंधार दाटला, की त्याच्या कडांमधून पानाचा आकार आपोआप कोरून निघे. पाकळीचेही तसेच. पाकळीभोवतीची पाने गडद झाली, की मधला कोरा कागदच पाकळी होऊन बसे. कुंडीच्या काठावर पडलेले ऊन दाखवायचे, तर कुंडीची सावलीकडची बाजू तेवढी तांबूस रंगाने भरायची व काठ तसाच सोडायचा. जी वस्तू दाखवायची, तिच्या भोवतालची जागा नीट पाहिली, तर वस्तू स्वतः होऊन प्रकट होते, हे त्याने ओळखले होते. त्यासाठी पानांइतकेच पानांमधल्या फटींकडे लक्ष द्यावे लागते. या फटींनाही आकार असतो. कोणती त्रिकोणी, कोणती चंद्रकोरीसारखी, कोणती नुसती चिरीसारखी. सामान्य माणूस पाने मोजतो. सेझान फटीही पाहत असे.

ही दृष्टी त्याच्यापाशी येत असतानाच १८८६ हे वर्ष उजाडले. त्या वर्षी त्याच्या जीवनात तीन मोठ्या घटना घडल्या. एप्रिलमध्ये त्याने ओर्तान्सशी रीतसर विवाह केला. ऑक्टोबरमध्ये वडील वारले व त्यांची मोठी मिळकत त्याच्याकडे व त्याच्या बहिणींकडे आली. आणि त्याच वर्षी झोलाची एक कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक चित्रकार. त्याच्यात मोठी प्रतिभा आहे. परंतु त्याच्या हातून चित्र म्हणून पुरे होत नाही, आणि अखेर निराशेत त्याचा अंत होतो. या नायकात सेझानचे काही गुण, काही आठवणी व तो तापट स्वभाव स्पष्ट दिसत होता. परक्यांनी त्याला अर्धवट म्हटले, तर ते त्याने सोसले असते. पण ज्याच्यासाठी शाळेत मार खाल्ला, त्या मित्राच्या मनातही आपल्याविषयी तेच चित्र असावे, याचे दुःख किती खोल असेल! या दोघांचा जुना जिव्हाळा पुन्हा पहिल्यासारखा राहिला नाही. १९०२ साली झोलाच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हा मात्र सेझान खोलीचे दार लावून घेऊन दिवसभर रडत राहिला, असे सांगतात.

वडिलांच्या पश्चात त्याला पैशाची चिंता उरली नाही. मनात आणले असते, तर लोकांना आवडेल अशी गुळगुळीत, सर्व कोपरे भरलेली चित्रे काढून तो नाव मिळवू शकला असता, किंवा कुंचला खाली ठेवून स्वस्थ बसू शकला असता. त्याने दोन्ही केले नाही. तो पहाटे उठून कामाला लागे आणि जे दिसले नाही ते रंगवायचे नाही, हा आपला नेम चालवी.

हा नेम किती कडक होता, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पॅरिसमधील आंब्र्वाझ व्होलार या तरुण चित्रविक्रेत्याने १८९५ साली सेझानच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सेझान तेव्हा ५६ वर्षांचा होता. पुढे १८९९ साली सेझानने या व्होलारचे चित्र काढावयास घेतले. एका उंच खोक्यावर खुर्ची ठेवून त्याला तिच्यावर बसविले व मुळीच हलू नये, अशी ताकीद दिली. एकदा व्होलारला डुलकी लागली आणि तो खुर्चीसकट खाली कोसळला. त्याला लागले काय, हे विचारण्याऐवजी सेझान त्याच्यावरच रागावला. सफरचंद कधी हलते काय, असा त्याचा सवाल होता. अशा रीतीने व्होलार ११५ वेळा येऊन बसला. तरीही चित्रात त्याच्या हातावर दोन बारीक ठिपक्यांएवढी जागा कोरी राहिली होती. ती भरून टाकावी, असे त्याने भीत भीत सुचविले. त्यावर सेझानने त्याला समजावून सांगितले, की तेथे कोणता रंग हवा, हे अजून आपल्याला सापडलेले नाही. उगाच काहीतरी लावले, तर ते बाकीच्या रंगांशी जुळणार नाही, आणि मग त्या ठिपक्यापासून आरंभ करून सारे चित्रच पुन्हा काढावे लागेल. ते चित्र आज पॅरिसच्या एका संग्रहालयात आहे आणि ते दोन ठिपके अजूनही कोरेच आहेत.

ही गोष्ट वाचून हसू येते. पण तिच्यात सेझानची सारी साधना आहे. कोरी जागा दोन प्रकारची असू शकते. आळसाने सुटलेली एक आणि प्रामाणिकपणे राखलेली दुसरी. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. सेझानच्या काळच्या पुष्कळ लोकांना हा भेद दिसला नाही. खुद्द सेझानलाही कधी कधी शंका येत असे. आपली दृष्टी तर मंद झाली नाही ना, निसर्गात दिसणारी रंगांची समृद्धी आपल्या हातून कधी उतरेल काय, अशी काळजी त्याच्या अखेरच्या पत्रांतही दिसते. स्वतःच्या यशाची खात्री नसताना त्याने आपली वाट सोडली नाही, यातच त्याचा मोठेपणा आहे.

१८९७ साली आई वारली. दोन वर्षांनी वडिलांचे ते मोठे घर विकावे लागले. तेव्हा सेझानने शहराच्या उत्तरेस ले लोव नावाच्या टेकडीवर जमीन घेतली व तेथे १९०२ साली आपली चित्रशाळा बांधून पुरी केली. तिच्या उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी होती. मोठे कॅनव्हास आत-बाहेर नेता यावेत, म्हणून भिंतीतच एक उंच, अरुंद फट ठेवलेली होती. पुढच्या ओट्यावर कुंड्या मांडलेल्या असत. त्यांचीही त्याने जलरंगांत चित्रे काढली. व्हालिए नावाचा म्हातारा माळी बागेची निगा राखी व वेळप्रसंगी मालकाचीही काळजी घेई. सेझानला मधुमेह जडला होता व तो लवकर थकत असे. तरीही रोज सकाळी तो गावातून टेकडीवर येई. जवळच सेंत व्हिक्त्वार नावाचा सुमारे १००० मीटर उंचीचा पर्वत होता. तो त्याने पुनःपुन्हा काढला. आता त्याच्या जलरंगांतील डाग अधिक विरळ व अधिक स्वच्छ झाले होते. पर्वताची एक कड, झाडांचे चार निळे-हिरवे ठिपके आणि बाकी कोरा कागद. पण त्या कोऱ्या कागदात प्रोव्हान्सचे सारे ऊन मावलेले असे. तैलचित्रांतही आता तो मधूनमधून कॅनव्हास तसाच उघडा ठेवू लागला होता.

१५ ऑक्टोबर १९०६ रोजी तो उघड्यावर चित्र काढीत असताना वादळी पाऊस आला. पावसातही काही वेळ तो काम करीतच राहिला. शेवटी भोवळ येऊन पडला. वाटेने जाणाऱ्या धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तो थेट बागेत गेला. व्हालिए माळ्याचे चित्र अपुरे होते. लिंडनच्या झाडाखाली त्याने ते पुढे चालविले व तेथून अगदी खंगून परतला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने रंगांच्या व्यापाऱ्याला पत्र पाठविले. एका तांबड्या रंगाच्या दहा नळ्या मागविल्या होत्या. आठ दिवस झाले, अजून का आल्या नाहीत, अशी त्यात विचारणा होती. २२ ऑक्टोबर रोजी त्याचे निधन झाले. पत्नी व मुलगा पॅरिसहून येऊन पोहोचण्यापूर्वीच सारे आटोपले होते.

पुढच्याच वर्षी, १९०७ साली, पॅरिसमध्ये त्याच्या ७९ जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरले, आणि शरद ऋतूत त्याच्या आठवणीसाठी ५६ कलाकृतींचे मोठे प्रदर्शन झाले. तरुण चित्रकार ती चित्रे पाहून थक्क झाले. मातीसने तर आपल्या अडचणीच्या काळात, १८९९ सालीच, सेझानचे एक लहान चित्र विकत घेऊन ठेवले होते व पुढे सदतीस वर्षे ते जिवापाड जपले. पिकासोसारख्या चित्रकारांनी सेझानला आपला गुरू मानले. विसाव्या शतकातील चित्रकलेची कितीतरी दालने या बुजऱ्या माणसाच्या चित्रांतून उघडली गेली. त्याच्या स्वतःच्या गावच्या संग्रहालयाने मात्र तो जिवंत असेपर्यंत त्याचे एकही चित्र भिंतीवर लावले नव्हते. १९८४ साली त्याची आठ चित्रे त्या संग्रहालयात ठेवण्यात आली. टेकडीवरची त्याची चित्रशाळा १९५४ साली लोकांना पाहण्यासाठी खुली झाली होती.

कागद रंगाने भरून टाकणे सोपे असते. कोठे थांबावे, हे कळण्यासाठी फार पाहावे लागते, आणि जे कळले नाही ते कळल्यासारखे न दाखविण्यासाठी मनाचा खरेपणा लागतो. सेझानजवळ ते दोन्ही होते. म्हणूनच त्याच्या चित्रांतील ज्या मोकळ्या जागांना एकेकाळी लोक हसले, त्याच जागांपुढे आज लोक शांतपणे उभे राहतात. कुंडीतल्या एका साध्या झाडाची ती पाने, रंगाचा स्पर्शही न होता, शंभरांहून अधिक वर्षे उन्हात उभी आहेत.